रोमला, भुसावळमार्गे

मुंबईला जायचे असेल तर जळगावचा माणूस आधी भुसावळला जातो.

मुंबई पश्चिमेला आहे आणि भुसावळ पूर्वेला, तरीही जातो. कारण भुसावळला गाडी मनसोक्त थांबते, काही गाड्या तर तिथूनच सुटतात, आणि जळगावला येईपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असतात. म्हणून शहाणा जळगावकर आधी उलट्या दिशेने भुसावळ गाठतो, खिडकी पकडतो, पाय पसरतो, आणि मग आपल्याच गावाच्या फलाटावर धक्काबुक्की करणाऱ्या मंडळींकडे दयेने पाहत पाहत मुंबईकडे निघतो. (तुमचे नाना आरक्षण असले तरी भुसावळहूनच बसतात. "सामान नीट लावता येतं," असे त्यांचे म्हणणे.)

अन्वी आणि आरुष, हे तुम्हाला आधीच समजावून सांगते आहे, कारण आमच्या रोमच्या सहलीची गोष्ट तुमचे बाबा तुम्हाला जेवताना सांगतात असे माझ्या कानावर आले आहे. त्यांच्या गोष्टीत आजी वेडी ठरते. आजी वेडी नाही. आजीने फक्त आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झालेले एक तत्त्व परदेशात लावून पाहिले.

आता पहिल्यापासून सांगते.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून तुमच्या बाबांनी आम्हाला जहाजाच्या सफरीवर पाठवले. मी, नाना आणि नानांच्या थोरल्या बहीण, म्हणजे तुमच्या अक्काआजी. अक्का चाळीसगावजवळच्या खेड्यात राहतात आणि अहिराणी बोलतात. मराठी त्यांना उत्तम येते, पण ती त्या फक्त तलाठ्याशी आणि डॉक्टरांशी वापरतात. माझे म्हणाल तर मी शिकले नाशिकच्या इंग्रजी शाळेत आणि शिकवलेही इंग्रजीच. लग्न होऊन खानदेशात आले, पण अहिराणी मी कधी तोंडात घेतली नाही. समजते सगळी. बोलायची म्हटले की माझी जीभ शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून बसते. त्यावरून अक्का मला पन्नास वर्षे चिडवत आल्या आहेत.

अक्का सफरीला तयार झाल्या त्या एकाच गोष्टीसाठी. त्यांची मुलगी धुळ्याला दिली आहे. त्या धुळ्याच्या विहीणबाई काही वर्षांपूर्वी रोमला जाऊन आल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या दिवाणखान्यात एक भलामोठा फोटो लागला आहे. मागे तिथल्या मोठ्या देवळाचा प्रचंड घुमट, पुढे विहीणबाई. डोळ्यांवर गॉगल, एक हात कमरेवर. फोटो नुसता लागला असता तर अक्कांनी सोसले असते. पण विहीणबाई कुठलेही वाक्य "आम्ही रोमला होतो ना, तेव्हा" असेच सुरू करतात. बारसे असो, साखरपुडा असो, दहावा असो. एकदा तर अक्कांनी स्वतःच्या शेतातल्या वांग्यांचे भरीत करून नेले, तर पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "आम्ही रोमला होतो ना, तेव्हा तिथली वांगी पाहिली. काय तुकतुकीत!"

अक्का त्या दिवशी न जेवता घरी आल्या.

"माले तो घुमट पाहिजे," जहाजावर पाय ठेवताक्षणी त्यांनी मला सांगितले. "बाकी काही नको. घुमटाम्होरे एक फोटो. गॉगल तुन्हा दे."

मी शब्द दिला.

आता एक भौगोलिक अडचण अशी की रोमला समुद्र नाही. जहाज थांबते चिवितावेक्किया नावाच्या बंदरात, आणि तिथून रोम आगगाडीने तासाभरावर. म्हणजे आपल्याकडे जळगावला उतरवून "हे घ्या तुमचे चाळीसगाव" म्हणण्यासारखे आहे. सकाळी सोडतात आणि संध्याकाळी सहाला जहाज निघते. कोणासाठी थांबत नाही. हे त्यांनी आम्हाला ध्वनिक्षेपकावरून इतक्या वेळा सांगितले की अक्का म्हणाल्या, "हाई काय लगीन शे का, मुहूर्त टळी म्हनीसन?"

जहाजाची स्वतःची बस होती. रोमला नेते, फिरवते, परत आणते. तुमच्या बाबांनी फोन करून बजावले.

"आई, बसनेच जा. स्वतः काही करू नकोस."

"त्या बसमध्ये छत्री उंच धरलेल्या बाईच्या मागे मेंढरांसारखे फिरवतात. मी आयुष्यभर पोरींच्या सहली नेल्या आहेत. एक आगगाडी मला जड नाही."

"आई, तिथे इंग्रजी फारसं कोणी बोलत नाही."

"मी बोलते ना," मी म्हणाले.

(हे वाक्य तुमचे बाबा माझा आवाज काढून म्हणून दाखवतात, तेही मला कळले आहे.)

सकाळी आम्ही उतरलो. नानांच्या गळ्यात पाण्याची बाटली, माझ्या पर्समध्ये वेळापत्रक, आणि अक्कांच्या पिशवीत केळीचे वेफर्स, शेंगदाण्याचे लाडू व माझा गॉगल. अक्कांनी नऊवारीखाली नवे कोरे कॅनव्हासचे बूट घातले होते आणि वर नानांचा स्वेटर. समुद्राच्या कडेकडेने चालत आम्ही स्टेशन गाठले. अक्कांचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे सावकाश. मी तिकिटे काढली, यंत्रात घालून छाप उठवून घेतली. सगळे माझ्या आखणीप्रमाणे चालले होते.

फलाटावर पोहोचलो आणि पाहते तो आमचे अख्खे जहाज तिथे उभे. नाश्त्याला रोज आमच्या शेजारी बसणारे जोडपे, पोहण्याच्या तलावात दिवसभर पडून असणारे गृहस्थ, सगळे. छत्रीवाल्या बाईची मेंढरे सोडली तर बाकी सगळी मेंढरे माझ्यासारखीच स्वतंत्र विचाराची निघाली होती.

गाडी आली. नानांनी सवयीने खिशातून रुमाल काढला. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. धुळ्याच्या बसस्थानकावर त्यांनी चालत्या एसटीत रुमाल टाकून चार-चार जागा धरल्या आहेत. नेम साधून त्यांनी रुमाल फेकला. खिडकी बंद काचेची होती. रुमाल काचेवर आपटून खाली आला आणि फलाटावरच्या एका गोऱ्या गृहस्थांच्या हॅटवर अलगद बसला. त्यांनी तो काढून घडी घालून नम्रपणे परत दिला. तोवर दारे भरली होती.

"तासभर उभी ऱ्हावावं लागी का?" अक्कांनी विचारले. आवाजात तक्रार नव्हती, पण हात गुडघ्यावर गेला होता.

आणि त्या क्षणी मला भुसावळ दिसले.

खरेच सांगते, समोरच्या फलाटावर एक गाडी उभी होती, उलट्या दिशेला तोंड करून, आणि तिच्यात चिटपाखरू नव्हते. मी नकाशा पाहिला. मागचे स्टेशन अगदी जवळ होते.

"नाना," मी म्हणाले, "ही गाडी धरायची, मागच्या स्टेशनावर उतरायचं, आणि तिकडून येणाऱ्या रोमच्या गाडीत आरामात बसायचं. इथे ही सगळी गर्दी आत घुसेल तेव्हा आपण खिडकीत असू."

नाना माझ्याकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिले नव्हते.

"भुसावळ," ते पुटपुटले.

"भुसावळ," मी म्हणाले.

"पण हे भुसावळ नाही ना, बाई," त्यांनी थोडा विचार करून शंका काढली. (मी शिक्षिका म्हणून ते मला बाई म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे वेळेवर अवलंबून असते.)

"गाव वेगळं असेल. तत्त्व तेच."

"विजया बरोबर सांगस," अक्का म्हणाल्या, आणि आम्ही पूल चढून पलीकडच्या गाडीत बसलो.

काय ती गाडी, मुलांनो! सगळी रिकामी. अक्कांनी एका बाकावर पाय पसरले, नानांनी दुसऱ्यावर चष्म्याचे घर, बाटली आणि रुमाल मांडून विनाकारण तीन जागा धरून ठेवल्या. मी खिडकीशी बसून पलीकडच्या फलाटावरच्या आमच्या जहाजकरांना हात केला. त्यांनीही केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मला तेव्हा कौतुक वाटले.

गाडी सुटली. अक्कांनी लाडूचा डबा उघडला. मागचे स्टेशन आले.

आले, आणि गेले. नावाची पाटी सर्रकन डोळ्यांसमोरून निघून गेली. गाडीने वेग कमीसुद्धा केला नाही.

नाना लाडू तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "बाई, भुसावळ गेलं."

"पुढच्या स्टेशनावर थांबेल," मी म्हणाले.

पुढचेही गेले. ती जलद गाडी होती. आपल्याकडे भुसावळला प्रत्येक गाडी थांबते. तिथे न थांबण्याची कोणाची छाती नाही. हा मान त्या गावाला स्वतःच्या मोठेपणामुळे मिळालेला आहे, मागचे स्टेशन असल्यामुळे नव्हे, ही बारीक गोष्ट माझ्या तत्त्वातून सुटली होती.

इतक्यात तिकीट तपासनीस आले. त्यांनी आमची तिकिटे पाहिली, मग आम्हाला पाहिले, मग पुन्हा तिकिटे पाहिली.

"रोमा?" त्यांनी विचारले.

"येस," मी म्हणाले.

त्यांनी हात उंचावून गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवले. रोम तिकडे.

"आय नो," मी म्हणाले. कारण मला खरेच माहीत होते. मग मी त्यांना शांतपणे, सोप्या इंग्रजीत, संपूर्ण पद्धत समजावून सांगितली. जळगाव, भुसावळ, मुंबई, खिडकीची जागा, अक्कांचा गुडघा. माझे व्याकरण निर्दोष होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पलीकडच्या डब्यातून आपल्या सहकाऱ्याला बोलावून आणले. मी पुन्हा सांगितले. सहकाऱ्याने टोपी काढून डोके खाजवले.

"भुसावल?" तो म्हणाला.

"हां, भुसावळ!" नाना उत्साहाने म्हणाले, आणि उजव्या हाताने जळगाव, डाव्या हाताने भुसावळ दाखवून मधून लाडू आगगाडीसारखा फिरवू लागले.

अक्कांनी दोघांपुढे वेफर्सचा पुडा धरला. "खाय रे भाऊ. केयानं शे. जयगावनं." दोघांनी एकेक घेतला, मग मूठभर घेतले. दंड वगैरे काही केला नाही. फक्त एकाने हाताने खूण केली: बसा, खूप पुढे, मग थांबेल.

खूप पुढे म्हणजे ग्रोसेतो नावाचे गाव. उतरलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते.

"हाई भुसावळ शे का?" अक्कांनी विचारले.

"नाही अक्का," नाना फलाटावरच्या बाकावर बसत म्हणाले. "भुसावळ केव्हाच गेलं. आपण इटारसीला आलो."

(इटारसी मध्य प्रदेशात आहे. मुंबईला निघालेला माणूस तिथे पोहोचला तर घरचे लोक त्याला डॉक्टरकडे नेतात.)

मी म्हणाले, घाबरायचे काही नाही, आता आपण इतके मागे आलो आहोत की परतीची गाडी नक्कीच रिकामी असेल. तत्त्वाप्रमाणे तर ती जास्तच रिकामी असायला हवी. बऱ्याच वेळाने रोमची गाडी आली. ती खचाखच भरलेली होती. दारात पोरे लोंबकळायची तेवढी बाकी होती. कुठल्याशा शाळेची सहल, आणि त्यांच्या मागे सायकली घेतलेले लोक. अक्कांना चढवणे अशक्य. सोडली. मग आम्ही उरलेले लाडू खाल्ले, आणि सूर्य हळूहळू डोक्यावरून पलीकडे कलला, तेव्हा दुसरी आली. तीही भरलेली.

माझ्या तत्त्वात एकच उणीव होती. भुसावळच्या मागेही माणसे राहतात.

ही गाडी सोडून चालणार नव्हते. नानांनी मागून ढकलले, मी पुढून ओढले, आणि अक्का आत आल्या. आत एक जाडजूड आजीबाई भाजीची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अक्कांचे नऊवारी पाहिले, बूट पाहिले, स्वेटर पाहिला, आणि शेजारच्या तरुणाच्या दंडावर चापट मारून त्याला उठवले. अक्का बसल्या. आणि त्यांचे लक्ष टोपलीकडे गेले.

टोपलीत वांगी होती. गोल, जांभळी, तुकतुकीत.

"आरे देवा," अक्का म्हणाल्या. "खरंच शेतस."

त्यानंतर जे झाले ते मी उभ्याने, एका सायकलीचे हँडल पोटात घेऊन पाहिले. अक्का अहिराणीत बोलत होत्या, त्या बाई इटालियनमध्ये. अक्कांनी एक वांगे उचलून देठ दाबून पाहिला, वजन केले, मान डोलावली. मग विस्तव पेटवला, वांगे भाजले, साल काढले, ठेचले, मिरची-लसूण कुटले, तेल तापवून वरून फोडणी ओतली. सगळे हातांनीच. त्या बाईंनी मध्ये थांबवून काहीतरी विचारले. अक्का म्हणाल्या, "नही नही, कांदानी पात. पात." बाईंनी समजून मान हलवली. मग विषय गुडघ्यांवर गेला. मग सुनांवर; ते आवाजाच्या चढउतारावरून मलाही कळले.

"काय म्हणतात त्या?" मी न राहवून विचारले.

"तिना मोठा पोऱ्या परदेशमा शे," अक्का म्हणाल्या. "फोन करस, पन येस नही." आणि दोघी एकमेकींच्या हातावर हात ठेवून बसल्या.

त्या डब्यात इंग्रजी शिकलेली मी एकटीच होते, आणि काय चालले आहे हे न समजणारीही मी एकटीच होते.

उतरताना त्या बाईंनी सगळ्यांत मोठे वांगे निवडून अक्कांच्या हातात ठेवले.

आणि मग खिडकीत समुद्र आला, बंदर आले, आणि आमचे पांढरे जहाज. दिवसभर फिरून आम्ही पुन्हा चिवितावेक्कियाला पोहोचलो होतो. सकाळी निघालो तिथेच. मी घड्याळ पाहिले. आता रोमला जाऊन घुमटापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

"बाई," नाना हळूच म्हणाले, "जहाज दिसतंय. उतरायचं का?"

मी अक्कांकडे पाहिले. त्यांनी पिशवीतून माझा गॉगल काढला होता. तो पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"चाला, उतरी जाऊ," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तो फोटो. वांगं भेटनं ना."

मुलांनो, तुम्ही मला ओळखता. माझ्या घरात चहाचे डबेसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असतात. एक मिनिट उशिरा येणाऱ्या पोरींना मी आयुष्यभर वर्गाबाहेर उभे केले. शहाणपण उतरण्यात होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. लोक उतरत होते. दार उघडे होते.

"बसा खाली," मी म्हणाले.

"काय?" नाना.

"रोमच्या मुख्य स्टेशनाच्या आधी एक छोटं स्टेशन आहे. तिथून तो घुमट दिसतो असं मी वाचलंय. तिथे उतरायचं, पलीकडच्या फलाटावर जायचं, फोटो काढायचा, आणि लगेच येणारी परतीची गाडी पकडायची."

"आणि ती चुकली तर?"

"तर पासपोर्ट जहाजात आणि आपण इटलीत."

"बाई, तुमचं वेळापत्रक?"

"गेलं भुसावळला," मी म्हणाले. दार बंद झाले. नानांनी रुमालाने कपाळ पुसले, आणि मग, मला स्पष्ट दिसले, ते हसत होते.

ते स्टेशन आले. आम्ही उतरलो, जिना उतरलो, भुयारातून गेलो, जिना चढलो. अक्का एका हातात वांगे आणि दुसऱ्या हातात कठडा धरून, गुडघ्याला अहिराणीत शिव्या देत. वर आलो आणि छपरांच्या पलीकडे, संध्याकाळच्या उन्हात, तो उभा. घुमट. विहीणबाईंच्या फोटोतलाच. जरा लांब होता, मान्य आहे. पण खरा होता.

अक्कांनी वांगे काखेत धरले, हात जोडले, मग स्वेटर काढून माझ्याकडे दिला, पदर सारखा केला, गॉगल लावला, आणि एक हात कमरेवर ठेवला. हुबेहूब विहीणबाई.

नानांनी फोन काढला. नाना पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, हे तुम्हाला माहीत आहेच. फोटो काढतानाही ते धरणाची जागा ठरवल्यासारखे काढतात. "अक्का, थोडी डावीकडं सरक. अजून. आता मागं. घुमट तुन्हा कानातून निंघी राहिना."

इतक्यात गाडी आली. परतीची.

मी पळत जाऊन दारात एक पाय आत आणि एक पाय बाहेर ठेवून उभी राहिले. "नाना, गाडी!" नाना म्हणाले, "एक मिनिट." मी म्हणाले, "अक्का, चला ना!" अक्का विहीणबाई झाल्या होत्या; त्यांना काही ऐकू येत नव्हते. मी इंग्रजीत ओरडले. का, ते विचारू नका. फलाटावरचे चार अनोळखी लोक धावत गाडीत चढले; माझी माणसे जागची हलली नाहीत. शिट्टी वाजली. दार माझ्या खांद्यावर येऊन आदळले, आणि माझ्या तोंडातून, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, कोणी शिकवले नसताना, मोठ्या नणंदेला उद्देशून निघाले:

"चाल ना वं अक्का, गाडी जाई राहिनी!"

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. आणि त्या हसल्या. अशा हसल्या, की गॉगल नाकावर घसरला, कमरेवरचा हात सुटला, काखेतले वांगे निसटले आणि त्यांनी ते छातीशी झेलले.

नानांनी त्याच क्षणी बटण दाबले.

परतीची गाडी रिकामी होती. खरेच. चारही बाजूंना खिडक्याच खिडक्या. पण अक्का बसायला तयार नव्हत्या. फोन हातात धरून त्या बंदर येईपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मध्येमध्ये म्हणत होत्या, "कशी बोलनी वं तू. परत बोल ना." मी बोलले नाही. (दोनदा बोलले.)

जहाजावर चढणाऱ्यांत आम्ही शेवटचे होतो. आमच्यामागे शिडी उचलली. वांगे तेवढे तपासणीच्या दारातच काढून घेतले. बाहेरची भाजी आत नेत नाहीत म्हणे. अक्कांनी ते त्या मुलीच्या हाती देताना भरिताची कृती तिलाही सांगितली.

पुढचे तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात अक्कांच्या नातीचा साखरपुडा होता. अक्कांनी तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून, स्वतःच्या बैठकीत दाराच्या बरोबर समोर लावला आहे. धुळ्याच्या विहीणबाई आल्या आणि त्याच्यासमोर थांबल्या.

"अय्या, रोम! पण घुमट फार लांब दिसतो हो, अक्का."

"जवळथून काय, कोनीबी काढस," अक्का म्हणाल्या.

"आणि हातात काय आहे?"

"रोमनं वांगं. तिथल्या बाईनी दिधं. तुम्हले नही दिधं?"

विहीणबाई गप्प झाल्या. असे त्या पूर्वी कधी झाल्याचे कोणाला आठवत नाही. मग काहीतरी बोलायचे म्हणून त्यांनी फोटोच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे गाडीच्या दारात अडकलेली, डोळे बाहेर आलेली, केस उभे राहिलेली, जबडा उघडून ओरडणारी एक बाई आहे.

"अगंबाई, ही वेडी कोण?"

मी शेजारीच जिलेबीचे ताट घेऊन उभी होते. अक्कांनी माझ्याकडे पाहिले, फोटोकडे पाहिले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "ती का? ती आमनी गाईड व्हती. इंग्रजी शिकेल शे बिचारी, पन रस्ता समजस नही."

मी विहीणबाईंना आणखी एक जिलेबी वाढली आणि पुढे सरकले.

असो. तुम्ही सुट्टीत मुंबईला उतरणार आहात, आणि तुमच्या बाबांनी फोनवर तीनदा बजावले आहे की घ्यायला येऊ नका, आम्ही आमचे येतो. त्यांना सांगा, काळजी करू नये. आम्ही विमानतळावर वेळेवर हजर असू. अक्काही येताहेत. मी तिकिटे काढली आहेत, तिघांना खिडकीजवळच्या जागा मिळाल्या आहेत.

भुसावळपासून.